डेपोशेजारचं वाळवण

माझ्या वहिनीचं नाव कासियातुन, पण अख्खी वस्ती तिला यू तुन म्हणायची. यू म्हणजे ताई. ही ताई मायेची नव्हती, धाकाची होती. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, घरात भांडण पेटलंय. तसं काही नसायचं. ती नुसती 'चहा घे' म्हणत असायची.

तिचा धंदा लेम्पेंगचा. भात शिजवायचा, लसूण आणि खारं पाणी घालून कुटायचा, दाबून त्याचे लांब ठोकळे करायचे, दुसऱ्या दिवशी पातळ काप करून बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात घालायचे. खडखडीत वाळले की तळायचे. पूर्व जावातल्या आमच्या शहरात पानात पेचेल भाजी आहे आणि शेजारी लेम्पेंग नाही, असं झालं तर माणूस उठून जातो. काम कष्टाचं, पण सोपं. तांदूळ बरा हवा, ऊन हवं आणि हवा स्वच्छ हवी. एवढंच. आणि आमच्या तट्ट्या मांडलेल्या कुठं, तर आगगाडीच्या इंजिनांच्या डेपोच्या कुंपणाला लागून.

लोक म्हणायचे, यू, जागा बदल.

"मी का बदलू?" ती म्हणायची. "माझा सासरा इथं काकड्या पिकवायचा तेव्हा इंजिन कुणी पाहिलं तरी होतं का? ते आलेत माझ्या शेजाराला. त्यांनी जावं."

हे मात्र खरं होतं. डचांनी उसाचे कारखाने काढले, साखर बंदराला न्यायला रूळ टाकले, आणि इंजिनांना टेकायला, राख झाडायला, पोटात पाणी भरायला जागा हवी म्हणून शहराच्या आमच्या टोकाला हा डेपो बांधला. अर्धगोल शेड, एकेका इंजिनाला एकेक कोनाडा, आणि पुढे लोखंडाची मोठी फिरती चकती. इंजिन तिच्यावर चढायचं आणि माणसं दांडा ढकलून त्याचं तोंड फिरवायची. माझे वडील त्या दांड्याला होते. पुढे माझा थोरला भाऊ पोनिरान तिथंच लागला, इंजिनांच्या भट्ट्या पेटवायला. म्हणजे आमच्या घरची चूल डेपोच्या पगारावर, आणि माझे हात यू तुनच्या भातात. दोन्हीकडच्या शिव्या मीच ऐकल्या आहेत.

पोनिरान हा यू तुनचा दुसरा नवरा. पहिला कास्दी, रुळांवरचा मजूर; काकड्या पिकवणारा सासरा तो त्याचा बाप. जपानी आले तेव्हा त्यांनी डेपोतली चांगली इंजिनं उचलून परमुलखात नेली, आणि इंजिनांपाठोपाठ माणसंही नेली. कास्दीला सुमात्राच्या जंगलात रूळ टाकायला धाडला. यू तुन स्टेशनावर त्याला भाताची पुरचुंडी द्यायला गेली होती, पण गर्दीत त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. तो परत आला नाही. कुठं पुरला हे सांगायलाही कुणी आलं नाही. ती तेव्हा विशीतसुद्धा नव्हती. त्याबद्दल ती बोलायची नाही. काजळीबद्दल बोलायची, रोज, सकाळपासून. मग आम्हीही काजळीबद्दलच बोलायचो.

लढाया संपल्या, देश आपला झाला, डेपोवर आपला झेंडा लागला. उरलीसुरली म्हातारी इंजिनं तेवढी शेडमध्ये होती. ती सागाच्या लाकडावर चालायची. लाकूड ओलं निघालं की धूर, सुकं निघालं की ठिणग्या. वारा आमच्या बाजूनं फिरला की ठिणग्या थेट तट्ट्यांवर. तट्टीला भोकं, लेम्पेंगला भोकं, एकदा तर माझ्या डोक्यावरच्या ओढणीला भोक. यू तुन उठली आणि डेपोच्या साहेबाकडे गेली.

तो साहेब सभ्य होता. खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, थोडी कळ काढा. आता तेल येतंय. तेलावर चालणाऱ्या इंजिनातून ठिणगी उडत नाही."

तेल आलं. ठिणगी खरोखरच गेली. तिच्याऐवजी काजळी आली, काळी, तेलकट, मिरीच्या दाण्याएवढी. ठिणगी निदान झटकता येत होती. ही काजळी पुसायला जावं तर पसरायची. पांढऱ्या कापावर एक ठिपका पडला की गिऱ्हाईक विचारायचं, "यात मुंगी आहे का?" यू तुनला मुंगी म्हटलेलं चाललं असतं. मुंगी निवडून काढता येते.

ती पुन्हा गेली. तोवर साहेब बदलला होता. आमच्या डेपोत साहेब टिकायचेच नाहीत. एकाला समजावून सांगावं, त्यानं मान डोलवावी, तोवर त्याची बदली. नव्यापुढे पुन्हा ठिणगीपासून सुरुवात. एकानं आमच्या बाजूला बांबूची उंच भिंत उभारून दिली. काजळी भिंतीवरून आली, आणि वर भिंतीची सावली पडून अर्ध्या तट्ट्यांचं ऊन गेलं. एक म्हणाला, सकाळी वाळवत जा. ती म्हणाली, सकाळीच तर तुमची इंजिनं निघतात. तो म्हणाला, मग दुपारी. ती म्हणाली, दुपारी पाऊस येतो साहेब. तो म्हणाला, पावसाचं मी काय करणार.

पुढच्याच्या वेळी ती ठिपक्यांचे लेम्पेंग तळून बशीत घेऊन गेली आणि त्याच्या टेबलावर बशी ठेवून म्हणाली, "खा."

तिला वाटलं, तो बघेल, लाजेल. तो खायला लागला. एक संपवला, दुसरा घेतला.

"छान झालेत," तो म्हणाला. "घरी न्यायला मिळतील?"

ती घरी आली आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही. मी तिला आयुष्यात तेवढी एकदाच गप्प पाहिली.

पण त्या खाणाऱ्या साहेबानंच पहिल्यांदा काहीतरी केलं. शेडच्या दाराशी रुळाचा एक तुकडा टांगला आणि माझ्या भावाला हुकूम दिला: कुठल्याही इंजिनाची आग पेटवण्याआधी हा तुकडा ठोकायचा, म्हणजे शेजारच्या बाई वाळवण झाकतील.

आता माझा भाऊ. तो वाईट नव्हता. पण त्याला एखादी गोष्ट सांगितली की ती त्याच्या डोक्यात पोचायला बैलगाडीनं निघायची. इंजिनाच्या बाबतीत तसं नव्हतं, माणसांच्या बाबतीत होतं. पहिल्याच आठवड्यात यू तुन डेपोच्या फाटकावर उभी. मी मागं, हातात काजळलेली तट्टी.

"कांग पोनिरान," ती म्हणाली. कांग म्हणजे दादा, पण तिच्या तोंडून ते शिवीसारखं ऐकू आलं. "तुकडा कधी वाजवलास?"

"आत्ता."

"आणि आग कधी लावलीस?"

"मगाशी."

"मग उलटं नाही का झालं?"

भावानं विचार केला. खरोखर, उभं राहून विचार केला. "झालं खरं," तो म्हणाला. "पण सतरा नंबर आज एवढ्या लवकर पेट घेईल असं वाटलं नव्हतं, यू. तिला खूश करायला वेळ लागतो."

"मला किती लागतो माहीत आहे का?"

"नाही," तो म्हणाला.

त्यानंतर तो नेमानं तुकडा वाजवायला लागला, इतक्या नेमानं की आग नसतानाही वाजवायचा. आम्ही धावत जाऊन झाकायचो, आणि आकाश निळंशार. मग तिनं त्याला पुन्हा झापलं. मग तो तुकडा वाजवून स्वतःच कुंपणाला वळसा घालून यायचा, खरंच आग पेटणार आहे हे सांगायला. सांगितलं की परत जायच्याऐवजी तट्ट्या उचलायला हात लावायचा. काळ्या बोटांचे ठसे बांबूवर. ती ओरडायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. वस्तीतल्या बायकांना एव्हाना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त या दोघांना.

शेवटी भाऊ माझ्याकडे आला. "मिलाह," म्हणाला, "यू तुनला विचारून बघतेस का?"

मी विचारलं. ती काप करत होती. सुरी थांबली नाही.

"त्याला जीभ नाही का?"

"भीती वाटते म्हणतो."

"वाटायलाच हवी," ती म्हणाली, आणि आणखी एक ठोकळा पुढे ओढला. तो संपल्यावर म्हणाली, "सांग त्याला, अंघोळ डेपोतच करून यायचं. कपडे तिथंच बदलायचे. माझ्या उंबऱ्याच्या आत काळं पाऊल नको."

झालं लग्न.

आम्हाला वाटलं, आता भांडण मिटलं. कुठलं मिटायला. आधी काजळी कुंपणापलीकडून यायची, आता नवऱ्याच्या कानातून, नखातून, घामातून यायची. उशीच्या अभ्र्यावर त्याच्या डोक्याचा काळा गोल उमटायचा. आणि अंघोळ केली तरी तोंडातलं इंजिन कुठं धुतलं जातं. जेवायला बसला की सतरा नंबर. तिची नळी गळते, तिच्या भट्टीची वीट ढिली झालीय, नव्या ड्रायव्हरला तिची सवय नाही. थंड इंजिनात वाफ धरायला अर्धी सकाळ लागते, म्हणून हा कोंबड्याच्या आधी उठून जायचा. एकदा यू तुन तापानं फणफणली होती. मी उशाशी बसलेली. हा दारात उभा राहून म्हणाला, "तुन, मी लवकर येतो. पण सतराला आज पाहावं लागेल, तिचं काही बरं दिसत नाही."

तापातसुद्धा ती उठून बसली. "मिलाह, याला सांग, माझंही काही बरं दिसत नाही."

तो लवकर आला, नाही असं नाही. येताना नारळाचं पाणी घेऊन आला. पण ती गोष्ट तिनं त्याला मरेपर्यंत ऐकवली.

मूल त्यांना झालं नाही. तेही मला वाटतं त्यांनी भांडणानंच भरून काढलं.

मग डिझेलची इंजिनं आली. आधी मोठ्या मार्गावर, मग आमच्याकडे. ती पेटवावी लागत नव्हती. किल्ली फिरवली की सुरू. त्यांचा धूर पातळ, निळसर, वरच्या वर जायचा. पहिलं डिझेल डेपोत शिरलं त्या आठवड्यात यू तुननं घरी स्लामेतान घातला. आमच्यात काही मंगल झालं, संकट टळलं, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून प्रार्थना करतात आणि पिवळ्या भाताची रास करून जेवण वाढतात. घर बांधलं की करतात, मूल झालं की करतात. डिझेल इंजिन आलं म्हणून केलेला मी तो एकच पाहिला.

पुरुष चटईवर बसले. प्रार्थना म्हणणाऱ्या बुवांनी विचारलं, "निमित्त काय म्हणून सांगू?"

"हवा स्वच्छ झाली म्हणून," यू तुन आतून म्हणाली.

पोनिरान त्या राशीसमोर बसला होता, जसा कुणाच्या तरी मयताच्या चाळिसाव्याला बसावा. सगळे 'आमीन' म्हणाले. त्याचे ओठही हलले. भात त्यानं पानातच चिवडला. रात्रीची भांडी घासताना मी तिला म्हटलं, जरा जास्तच झालं हे, यू. ती म्हणाली, "माझी वाळवणं नासली तेव्हा कुणी त्याला जास्त झालं म्हटलं नाही."

दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे मी खरकटी भांडी घेऊन.

पुढची काही वर्षं वाफेची इंजिनं एकेक करून विझत गेली. एक बिघडलं की त्याचे भाग काढून दुसऱ्याला लावायचे, मग दुसरंही उभं. शेवटी कोनाड्यांत नुसते लोखंडाचे सांगाडे. फिरत्या चकतीच्या खड्ड्यात पाणी साचून कमळं उगवली. माझ्या भावाला पेटवायला काही उरलं नव्हतं, पण पगार होता, म्हणून हातात झाडू दिला. तो शेड झाडायचा आणि सतरा नंबर पुसायचा. घरी आला की गप्प. आता त्याच्या तोंडून इंजिन येत नव्हतं, तर यू तुनला तेही खपेना. "काहीतरी बोल," म्हणायची, "नुसता खांबासारखा बसतोस."

शेडला धड दार नव्हतं. चोर आत शिरायला लागले, पितळासाठी. आज या इंजिनाची तोटी गेली, उद्या त्याची नळी.

आणि एके सकाळी यू तुन स्वयंपाकघरामागे जळण काढायला गेली ती ओरडतच परत आली.

"मिलाह, इकडे ये. तुझ्या भावाला शिंगं फुटलीत बघ."

जळणाच्या ढिगाखाली गोणपाट. गोणपाटात शिट्टी, वाफेचा दाब दाखवणारं घड्याळ, पाण्याची पातळी बघायच्या नळीच्या तोट्या, दोन मोठे नळ, आणि सतरा आकडा कोरलेली पाटी. सगळं पितळ चिंच लावून घासलेलं, आरशासारखं.

पोनिरान संध्याकाळी आला. तिनं गोणपाट मधोमध ठेवलं होतं.

"हे काय आहे?"

"सतराचं आहे."

"ते दिसतंय मला. आकडे वाचता येतात. इथं का आहे?"

"चोर नेतील म्हणून आणलं."

"म्हणजे चोरांच्या आधी तू चोरलंस."

तो म्हणाला, "ठेवलंय फक्त."

"कोणाला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. अर्थातच नव्हतं सांगितलं. त्यातच वरून बातमी आली: मोठ्या कचेरीतून एक अधिकारी येणार, संग्रहालयासाठी एखादं इंजिन निवडणार, आणि बाकीची भंगारात. ज्याचे सगळे भाग जागेवर असतील असं इंजिन त्यांना हवं. नवे साहेब पाक सुतेजो (पाक ही आमच्याकडे मोठ्या माणसाला मानानं मारायची हाक) यांनी शेडची पाहणी केली, तर सतरा नंबर बोडकी. शिट्टी नाही, घड्याळ नाही, पाटीसुद्धा नाही. त्यांनी सगळ्या कामगारांना उभं करून सांगितलं, ज्यानं हे नेलं असेल त्याला पोलिसात देईन.

आता माझ्या भावाची गंमत बघा. पितळ परत दिलं तर चोर ठरतो. नाही दिलं तर सतरा भंगारात जाते. वाचवायला म्हणून काढलं, आणि काढलं म्हणूनच ती जाणार. तो घरी आला, पडवीत बसला, आणि जेवेना. दुसऱ्या दिवशीही जेवेना. पुढ्यात ठेवलेल्या आंबवलेल्या सोयाबीनच्या, तेम्पेच्या फोडींवर माश्या बसल्या.

यू तुननं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या सकाळी ती लेम्पेंगची हातगाडी दाराशी घेऊन आली.

"उचल ते गोणपाट."

"तुन, नको."

"माझ्या जळणाच्या जागेत रेल्वेचं सामान मी ठेवून घेणार नाही. उचल, नाहीतर मी उचलते, माझी कंबर गेली तर चोळायला तू."

त्यानं उचलून गाडीत ठेवलं. ती पुढे, गाडी ढकलणारी मी, मागं माझा भाऊ, बळी द्यायला नेलेल्या बोकडासारखा. तिनं पितळ झाकलंसुद्धा नाही. सकाळची वेळ, बाजाराला निघालेली वस्ती, आणि पितळ उन्हात असं चमकत होतं की लोक थांबून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेडपुढे पाक सुतेजो आणि तो आलेला अधिकारी, दोघंही उभे. यू तुननं मला गाडी त्यांच्या पायाशी थांबवायला लावली.

"हे तुमचं पितळ," ती म्हणाली.

पाक सुतेजोंनी गाडीत पाहिलं, मग तिच्याकडे. "हे तुमच्याकडे कसं?"

"माझ्या नवऱ्यानं आणलं."

"म्हणजे चोरी केली."

"साहेब, चोर पितळ विकतो. घासत बसत नाही. हे बघा, या घड्याळात तुमचा चेहरा दिसतोय. कुठल्या चोराला एवढी हौस असते? तुमच्या शेडला दार नाही. दार असतं तर ह्याला असला उद्योग सुचला नसता. मूर्ख म्हणा त्याला, खुशाल म्हणा, मीही म्हणते. चोर म्हणू नका."

पाक सुतेजो चिडले. तिऱ्हाईतासमोर शेडच्या दाराचा विषय काढलेला त्यांना आवडला नाही. "आधी सांगायला काय झालं होतं त्याला?"

"तेच मी दोन दिवस विचारतेय," यू तुन म्हणाली. "तुम्हाला उत्तर मिळालं तर मलाही कळवा."

तो अधिकारी हसला. हसला म्हणून वाचलो. तो पोनिरानला म्हणाला, "पाक, हे सगळं परत बसवता येईल?"

भाऊ कामालाच लागला. दुपारपर्यंत सतरा नंबर पुन्हा पहिल्यासारखी दिसत होती. खरं सांगते, मलासुद्धा क्षणभर बरं वाटलं. यू तुन कमरेवर हात देऊन उभी होती, आता निवडा असं तोंडावर घेऊन.

अधिकाऱ्यानं हातोडीनं बॉयलर ठोकून पाहिला, भट्टीत वाकून बघितलं, कपडे झटकले. बॉयलरचा पत्रा झिजलाय म्हणाला, आणि याच जातीचं एक इंजिन त्यांच्याकडे आधीच आहे. त्यानं निवडलं पलीकडच्या कोनाड्यातलं एक बुटकं इंजिन, ज्याच्याकडे माझ्या भावानं आयुष्यात कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. जाताना त्यानं पाक सुतेजोंना चोरीचं प्रकरण सोडून द्यायला सांगितलं. तेवढं झालं.

वाटेत यू तुन रिकामी गाडी स्वतः ढकलत होती. "पत्रा असा झिजलेला होता तर तुला माहीत नव्हतं का?" तिनं विचारलं.

"होतं," पोनिरान म्हणाला.

ती थांबली. मला वाटलं, आता बाजारात तमाशा होणार. पण ती नुसती म्हणाली, "चल, ऊन वाढलंय."

सतरा नंबर कापायला भंगारवाल्याची माणसं आली ती सुक्या दिवसांत. पोनिरान म्हणाला, मी जाणार नाही. त्या दिवशी सकाळी यू तुननं तट्ट्या मांडल्या, डोक्याला फडकं बांधलं आणि मला म्हणाली, "चल."

"कुठं?"

"डेपोत. आपल्या घरचं कुणीतरी नको का तिथं?"

आम्ही दोघी शेडसमोरच्या बदामाच्या झाडाखाली बसलो. गॅसच्या निळ्या ज्योतीनं आधी चिमणी कापली. ती पडली तेव्हा जमीन हादरली आणि आत साचलेली काजळी ढगासारखी उठली. यू तुननं नाक पुसलं. एक कामगार चाकाच्या आडोशाला लघवीला उभा राहिला तेव्हा मात्र तिचा आवाज चढला. "ए, तिकडं भिंत आहे." तो गडबडून भिंतीकडे गेला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला चहा दिला, आम्ही घेतला. दिवस कलेपर्यंत आम्ही तिथंच. मागं वाळवण कोंबड्यांनी विस्कटलं होतं ते नंतर कळलं, आणि त्याबद्दल तिनं कोंबडीवाल्या शेजारणीला जे ऐकवलं ते वेगळं.

पोनिरान पडवीत बसला होता. तिनं हातपाय धुतले, त्याच्यासमोर बसली.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"बॉयलर कधी?"

"शेवटी. फार चिवट होता. दोनदा त्यांची ज्योत विझली."

"विझणारच," तो म्हणाला. मग म्हणाला, "भूक लागलीय."

ती उठून आत गेली. चुलीत फुंकर घालताना मला तिचा चेहरा दिसला. तिनं धूर डोळ्यांत गेला वगैरे काही सांगितलं नाही. भात, पालेभाजी, सांबालची तिखट चटणी. त्यानं दोनदा वाढून घेतलं.

निवृत्त झाल्यावर तो आमच्याच कामात शिरला, आणि आमचे हाल सुरू झाले. भात शिजवायच्या पिंपाखालची आग त्यानं ताब्यात घेतली. लाकूड तो एकेक पारखून घालायचा, पिंपाला टिचक्या मारून कान लावायचा, झाकण उघडू द्यायचा नाही. "अजून वाफ धरली नाही," म्हणायचा. यू तुन म्हणायची, "मला भात हवाय, गाडीनं सुराबाया बंदराला जायचं नाहीय." आमचा निम्मा दिवस त्या पिंपाभोवतीच्या वादात जायचा. भात मात्र कच्चा राहिला नाही कधी, हेही सांगायला हवं, नाहीतर तो वर बसून रागवेल.

तो आधी गेला, झोपेत. ती त्याच्यानंतर बरीच वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत कुणावर ना कुणावर ओरडत राहिली, बहुतेक वेळा माझ्यावर.

ती गेली त्या दिवशी ऊन कडक होतं. बायका सहसा कबरस्तानापर्यंत जात नाहीत, पण मी गेले. मला कोण अडवणार होतं. कबरस्तान रुळांच्या पलीकडे आहे. आम्ही तिला घेऊन रुळांपर्यंत पोचलो आणि नेमकं फाटक पडलं. बंदराकडे जाणारी मालगाडी, सिमेंटची, संपता संपेना. खांदा देणाऱ्यांनी खांदे बदलले. बुवांनी घाम पुसला. मागच्या मोटारसायकलवाल्यांना काय चाललंय ते कळलं नाही, ते भोंगे वाजवायला लागले.

शेजारी उभ्या असलेल्या बाईनं माझ्या कानात विचारलं, "मिलाह, आता ही असती तर काय म्हणाली असती गं?"

मला बरंच काही सुचलं. त्यातलं एकही मयताच्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि आम्ही तिला पलीकडे नेलं.